देवळालीच्या मास्तरांचा सतरा अंकी आनंद

मोबाइल हातातच असेल. कॅल्क्युलेटर उघडा, नऊ वेळा १ दाबा आणि त्या संख्येला तिनंच गुणा. बऱ्याच फोनवर उत्तर पूर्ण दिसणारच नाही. थोडे अंक, मग एक इंग्रजी ‘ई’ आणि त्यापुढे छोटासा आकडा. उत्तर स्क्रीनवर मावत नाही, त्याला फोन तरी काय करणार? मग सरळ कागद-पेन घ्या आणि पाचवीत केला होता तसा उभा गुणाकार मांडा. उत्तर येईल :

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून एक-एक पायरी चढत नवापर्यंत जायचं आणि तसंच उतरत पुन्हा एकावर यायचं. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, संख्या तीच. एकूण सतरा अंक. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक, दश, शत अशी परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. त्यातलं सतरावं स्थान म्हणजे ‘मध्य’. आपल्या संख्येचा पहिला १ थेट तिथे जाऊन बसलाय.

या घराण्यातल्या संख्यांना एक नाव आहे, ‘डेम्लो संख्या’. हे नाव कुठल्या ग्रीक पंडिताचं वगैरे नाही. ते आलंय डोंबिवलीवरून! हो, तीच डोंबिवली, जिथे सकाळी आठ वाजता लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही. आणि हे नाव ठेवणारा माणूस होता नाशिकजवळच्या देवळालीतला एक शाळामास्तर : दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

६१७४ या संख्येमुळे कापरेकरांचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. त्या संख्येकडे आपण येऊच. पण आधी माणूस बघू. कारण गणितात मोठी पदवी नाही, पाठीशी विद्यापीठ नाही, हाताशी साधं कॅल्क्युलेटरही नाही, अशा माणसाचं नाव जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत कसं गेलं, हा प्रश्न कुठल्याही कॉलेजात जाणाऱ्याला पडायला हवा.

डहाणू, ठाणे, पुणे

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषाबद्दल तुमचं मत काहीही असो, पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड पक्की लागते. वडिलांकडून मुलाकडे आली ती ही आकडेमोडीची गोडी. पुढे मुलानं भविष्य सोडून दिलं आणि आकडे तेवढे ठेवले.

माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं. शाळेत असतानाच तासन्‌तास कोडी सोडवत बसायची सवय लागली. सोपी, छोटी पद्धत सापडेपर्यंत एकाच गणिताशी झटापट करायची, हा त्यांचा छंद. १९२३ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. तिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. एखाद्या विद्यार्थ्यानं स्वतःच्या डोक्यानं केलेल्या गणिती कामाला ते दिलं जायचं. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले आणि त्यांचं औपचारिक शिक्षण तिथेच थांबलं. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. तर लांबच. १९३० पासून देवळालीच्या शाळेत शिक्षक. निवृत्त झाले १९६२ मध्ये. म्हणजे बत्तीस वर्षं खडू, फळा आणि वह्यांचे गठ्ठे.

कागदावर बघितलं तर करिअर एवढंच. ज्याला आपण आज ‘बायोडेटा’ म्हणतो, तो अर्ध्या पानात संपला असता.

स्टेशनवर सुचलेलं गणित

डोंबिवलीची गोष्ट १९२३ ची आहे. म्हणजे कापरेकर अठरा वर्षांचे, साधारण तुमच्याच वयाचे. तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या या स्टेशनात गाडी बदलायची होती. तिथे त्यांच्या डोक्यात एका प्रकारच्या संख्यांचा विचार आला. त्यांच्या लेखनात या स्टेशनचं नाव ‘डेम्लो’ असं येतं, म्हणून त्या डेम्लो संख्या.

काय सुचलं होतं? एक उदाहरण घ्या. २३ ही संख्या लिहा. तिच्याखाली पुन्हा २३ लिहा, पण एक घर उजवीकडे सरकवून. आणखी एक घर सरकवून तिसऱ्यांदा २३. आता बेरीज करा. पहिल्या घरात एकटा २, दुसऱ्यात ३ आणि २ मिळून ५, तिसऱ्यातही ५, शेवटी एकटा ३. उत्तर २५५३. टोकाला २ आणि ३, आणि मध्ये त्यांच्या बेरजेचा ५ पुन्हा पुन्हा. २३ जितक्या वेळा लिहाल तितके मधले ५ वाढत जातील. तसंच ४३ चार वेळा लिहिलं तर ४७७७३. ही झाली साधी डेम्लो संख्या.

आता २३ च्या जागी नुसते १ घ्या. ११ दोनदा सरकवून लिहिलं तर १२१. १११ तीनदा लिहिलं तर १२३२१. ११११ चारदा, तर १२३४३२१. नऊ १ नऊ वेळा लिहिले की आपली सतरा अंकी संख्या हजर. कारण अगदी सरळ आहे. पहिल्या घरात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं करत मधल्या घरात नऊ. तिथून पुढे एक-एक कमी. कुठेही बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही आणि जिना शाबूत राहतो. या खास संख्यांना कापरेकरांनी इंग्रजीत ‘वंडरफुल’ डेम्लो असं नाव दिलं. १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांचा या संख्यांवर लेख आला.

मग दहा १ घेतले तर? करून बघा. मधल्या घरात दहा जमतात, हातचा एक पुढे जातो आणि जिना कोसळतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना ८ गायब आणि मध्ये दोन शून्यं. म्हणजे आपली सतरा अंकी संख्या ही या सुंदर जिन्याची शेवटची, सगळ्यात उंच पायरी.

थट्टा आणि स्वखर्चानं छपाई

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कापरेकरांच्या काळातले अनेक भारतीय गणिती त्यांना हसायचे. आकड्यांचे खेळ, करमणूक, यात गणित कुठे आहे, असा सूर असायचा. मोठ्या संशोधन पत्रिकांमध्ये त्यांना फारशी जागा नव्हती. काही लेख छोट्या नियतकालिकांत आले. बाकीचं काम त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून पुस्तिका म्हणून छापलं. प्रकाशक म्हणून त्यावर स्वतः लेखकच आणि पत्ता खारेसवाडा, देवळाली. शिक्षकाच्या पगारात हे करणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

टीका करणाऱ्यांचा मुद्दा अगदीच फालतू होता असंही नाही. आपण दहाच्या पटीत मोजतो, कारण आपल्याला बोटं दहा. आठ बोटं असती तर हीच संख्या वेगळ्या अंकांनी लिहिली असती आणि तिचा जिना दिसलाच नसता. मग जो गुण लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे, तो संख्येचा खरा गुण कसा म्हणायचा?

पण जरा पुढे जाऊन बघा. आठाच्या पद्धतीत सात १ घेऊन त्यांचा वर्ग केला, तर १२३४५६७६५४३२१ असाच जिना तयार होतो, फक्त सातापर्यंतचा. पद्धत कुठलीही घ्या, त्या पद्धतीतल्या सगळ्यात मोठ्या अंकापर्यंत जिना चढतो आणि त्यापुढे कोसळतो. म्हणजे अंक बदलले तरी त्यामागचा नियम तोच राहिला. खेळात दिसलेल्या गमतीच्या तळाशी एक पक्कं कारण होतं. कापरेकरांची भूक त्या कारणाची होती की गमतीची, हा वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्हीची असावी. आकड्यांच्या बाबतीत आपली अवस्था दारुड्यासारखी आहे, ती धुंदी उतरूच नये असं वाटतं, अशा अर्थाचं ते स्वतःच सांगत. आणि लोक हसले म्हणून त्यांनी परिषदांना जाणं सोडलं नाही. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या अधिवेशनांना हे शाळामास्तर नियमित हजर असायचे.

त्यांची हत्यारं, आपली संख्या

कापरेकरांनी संख्यांकडे बघायच्या काही साध्या युक्त्या दिल्या. त्या आपल्या सतरा अंकी संख्येवर चालवून बघू. एवढी मोठी संख्या, पण लागते ती फक्त बेरीज आणि भागाकार.

पहिली युक्ती हर्षद संख्येची. हर्षद म्हणजे आनंद देणारी. एखाद्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग गेला, तर ती हर्षद. १२ घ्या. १ आणि २ मिळून ३. बाराला तिनानं भाग जातो, झाली हर्षद. कापरेकरांचं जन्मवर्ष १९०५ हेसुद्धा हर्षद आहे : अंकांची बेरीज १५, आणि १५ × १२७ = १९०५. आता आपली संख्या. एक ते नऊची बेरीज ४५, उतरताना आठ ते एकची ३६, एकूण ८१. जाईल का ८१ नं भाग? नऊ १ ची बेरीज ९, म्हणून १११११११११ ला नवानं भाग जातो आणि १२३४५६७९ उरतात. मग तिच्या वर्गाला ९ × ९, म्हणजे ८१ नं भाग जाणारच. आपली संख्या हर्षद आहे!

दुसरी युक्ती त्यांच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्यांची. ४५ चा वर्ग २०२५. मधून कापा : २० आणि २५. बेरीज केली की पुन्हा ४५. तसंच २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ बरोबर २९७. वर्ग करा, कापा, जोडा आणि मूळ संख्या परत मिळवा. आता आपल्या सतरा अंकी संख्येला तशीच कात्री लावू. उजवीकडचे नऊ अंक वेगळे, डावीकडचे आठ वेगळे :

१२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९

मूळचे नऊ १ काही परत आले नाहीत, म्हणजे ही कापरेकर संख्या नाही. पण नऊ वेळा ९ आले! हे आपोआप घडलेलं नाही. आपली संख्या म्हणजे ९९९९९९९९९ × १२३४५६७९. नवानं भाग जाणाऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज केली की तिलाही नवानं भाग जातो, हे आपण शाळेत शिकलो. तेच इथे नऊ-नऊ अंकांच्या गटांना लागू पडतं. दोन तुकड्यांची बेरीज ९९९९९९९९९ च्या पटीतच हवी, आणि ती दुपटीपेक्षा लहान आहे, तेव्हा दुसरा पर्यायच नाही. गंमत पुढे आहे. ९९९९९९९९९ चा वर्ग ९९९९९९९९८००००००००१. कापा आणि जोडा : ९९९९९९९९८ अधिक १. परत ९९९९९९९९९. म्हणजे कात्री लावून जी संख्या हाती आली, ती मात्र अस्सल कापरेकर संख्या निघाली.

तिसरी युक्ती ‘सेल्फ’ संख्यांची, ज्यांना कापरेकरांनी आपल्या गावाचं नाव दिलं : देवळाली संख्या. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. २१ अधिक २ अधिक १, झाले २४. म्हणजे २१ ही २४ ची जन्मदाती. पण काही संख्यांना अशी जन्मदातीच नसते. २० कुठूनही तयार होत नाही. ती स्वयंभू. तुमच्यापैकी कुणाचा जन्म २००७ चा असेल तर खूश व्हा, २००७ ही देवळाली संख्या आहे. २००५ वाल्यांचं तसं नाही. १९७९ मध्ये तिचे अंक, म्हणजे २६ मिळवले की २००५ येतात. कापरेकरांनी या संख्यांवर १९६३ मध्ये देवळालीहूनच पुस्तिका काढली. तेव्हा ते निवृत्त झालेले होते.

आणि ते ६१७४

सगळ्यात गाजलं ते मात्र चारच अंकांचं काम. १९४६ मध्ये कापरेकरांना एक गोष्ट दिसली आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. त्यांच्या जन्मवर्षापासूनच सुरुवात करू. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. तिथून ८१७२, मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ करा, पुन्हा ६१७४. इथून सुटका नाही. तुमचं जन्मवर्ष घ्या, रोल नंबर घ्या, एटीएमचा पिन घ्या (मनातल्या मनात!), जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच मुक्कामी पोहोचाल. १९०५ ला बरोबर सात लागल्या, मोजून बघा.

१९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकी नियतकालिकात त्यांचा ६१७४ वरचा लेख आला. तरी जगाचं लक्ष जायला आणखी वीस वर्षं गेली. मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या आपल्या गाजलेल्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांच्या कामाबद्दल लिहिलं. देवळालीच्या मास्तरांचं नाव एकदम जगभर झालं. वय सत्तर!

तोवरचे दिवस सोपे नव्हते. १९६६ मध्ये पत्नीचं निधन झालं. गरजा कमीच होत्या, तरी पेन्शन पुरेना. म्हणून हा माणूस उतारवयात गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन गुजराण करत होता. शाळा-कॉलेजांमधून व्याख्यानांना बोलावणं आलं की जायचे आणि मुलांना आकड्यांच्या नादाला लावून यायचे. लोक त्यांना ‘गणितानंद’ म्हणू लागले होते. १९८६ मध्ये देवळालीतच ते गेले.

मग उपयोग काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. यातून नोकरी मिळते का? नाही. कापरेकरांनाही यातून पैसा मिळाला नाही, उलट छपाईत गेला. विद्यापीठाची खुर्ची मिळाली नाही. त्यांच्या हर्षद संख्यांना पाश्चात्त्य पुस्तकांत बरेचदा दुसऱ्याच गणितज्ञाचं नाव असतं, निवेन संख्या असं. इव्हान निवेन यांनी १९७७ मध्ये एका व्याख्यानात त्यांचा उल्लेख केला, तेव्हापासून.

पण एक हिशेब असाही मांडा. त्यांना हसणाऱ्यांपैकी किती जणांची नावं आज तुम्हाला माहीत आहेत? आणि कोडिंग शिकणारी जगभरची मुलं मात्र कापरेकरांच्या संख्या शोधायचा प्रोग्राम सराव म्हणून लिहितात. कम्प्युटरला त्या शोधायला क्षणही लागत नाही. कापरेकरांना रात्री लागल्या असतील, वह्या लागल्या असतील. तरीही कुठे शोधायचं हे कम्प्युटरला सांगावं लागतं, आणि ते आधी कुणाला तरी सुचावं लागतं. देवळालीच्या मास्तरांना ते सुचलं, कारण ते आकड्यांकडे परीक्षेपुरतं बघत नव्हते.

तुम्हालाही एखादा असा नाद असेल. कीबोर्ड असेल, पक्षी असतील, जुनी नाणी असतील, नाहीतर गणितच. त्याला मार्क नसतील, घरचे विचारत असतील की याचं पुढे काय करणार. अभ्यास सोडून द्या असं कापरेकरांचं आयुष्य सांगत नाही. त्यांनी बत्तीस वर्षं नोकरी इमानानं केली. पण शाळा सुटल्यावर उरलेली संध्याकाळ त्यांनी आपल्या आकड्यांना दिली, आणि ती कुणाला विचारून दिली नाही.

एक काम तुमच्यासाठी. दहा १ चा जिना कोसळतो, ते आपण बघितलं. उत्तरात ८ कुठे गेला आणि ती दोन शून्यं कुठून आली, हे हातच्यांचा हिशेब मांडून शोधा. फोन बाजूला ठेवा, चौकटीचा कागद घ्या. पुढच्या वेळी डोंबिवलीला गाडी लेट असेल, तेव्हा केलंत तरी चालेल.